पडद्यामागचं माप

शिंप्याच्या गळ्यात टेप नसणं म्हणजे न्हाव्याच्या हातात कात्री नसण्यासारखं. पण आपल्या मास्तरांच्या गळ्यात टेप कधी कुणी पाहिली नाही आणि नेमका तोच त्यांचा डौल होता. पस्तीस वर्षं त्यांनी गल्लीला कपडे चढवले. नवं गिऱ्हाईक आलं तर एकदाच, आतल्या खोलीत नेऊन, लग्नाची बोलणी करावीत अशा गंभीरपणे माप घ्यायचे. त्यानंतर जन्मभर नाही. "तुमचं माप आहे माझ्याकडे," असं म्हणून कपाळावर बोट ठेवायचे.

पुढचा प्रकार तर बघण्यासारखा असे. गिऱ्हाईक दारात दिसलं की मास्तर मशीन थांबवायचे, चष्मा वर ढकलायचे आणि आत हाक द्यायचे, "अगं, पाणी आण." पडद्यामागून मास्तरीणबाई ट्रे घेऊन यायच्या. गिऱ्हाईक पाणी पीत असताना मास्तर दोन पावलं मागे सरून एक डोळा बारीक करायचे.

"छाती चाळीस. बाही साडेतेवीस. कंबर छत्तीस होती… साहेब, आता साडेछत्तीस धरू या ना?"

साहेब लाजून हसायचे. बाकावर बसलेली चार रिकामटेकडी माणसं एकमेकांकडे बघून माना डोलवायची. आणि सगळ्यांत जोरात डोलायची ती रिटायर झालेल्या कंडक्टरची मान. या कंडक्टरने तीस वर्षं बसमध्ये आवाज कमावला होता आणि रिटायर झाल्यावर तो सगळा मास्तरांच्या जाहिरातीत ओतला. "मेंदू नाही हो, गोदाम आहे गोदाम!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

आता गोदाम कुठे होतं ते ऐका. ते होतं पडद्यामागे, एका स्टुलावर. पडद्याला सुईने पाडलेलं बारीक भोक होतं. मास्तरीणबाई त्यातून माणूस ओळखायच्या, त्याचं माप काढायच्या, बोटभर चिठ्ठीवर उतरवायच्या आणि ट्रेमध्ये ग्लासाच्या मागे, मास्तरांच्या बाजूला ठेवायच्या. ट्रेची कड उंच, त्यामुळे पिणाऱ्याला काही दिसत नसे. गल्लीत मात्र नाव झालं होतं की मास्तरांच्या दुकानासारखा पाहुणचार कुठे नाही, पाणी प्यायल्याशिवाय सोडत नाहीत.

आधी हे गोदाम अकरा वह्यांचं होतं. मग लेकीने तिचा जुना लॅपटॉप घरी आणून ठेवला आणि आईला फाईल करून दिली. एका ओळीत एक माणूस, पुढे रकाने: छाती, कंबर, खांदा, बाही, उंची. मास्तरीणबाईंनी दीड वर्ष एका बोटाने टाइप केलं. शेवटची वही संपली तसे मास्तर सगळ्या वह्या स्वतः रद्दीत घालून आले.

"अहो, राहू द्या की माळ्यावर," बाई म्हणाल्या.

"कशाला? दोन-दोन पुरावे कशाला ठेवायचे?" मास्तर म्हणाले. चोरी करणाऱ्याने बोलावं तसंच बोलले, पण त्यांच्या ते ध्यानात आलं नाही.

गल्लीला वाटायचं की तो लॅपटॉप मास्तरीणबाईंचा मालिका बघायचा आहे.

तर एका बुधवारी सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. आतून आवाज यायला लागला. कट्… कट्कट्… मग थांबायचा, मग पुन्हा कट्. स्क्रीनवर निळा रंग आणि त्यावर उदास चेहऱ्याचं चित्र.

मास्तरांनी कान लावला. मशीनचं दुखणं त्यांना आवाजावरून कळत असे.

"सुई बॉबिनला घासतेय," ते म्हणाले.

"त्यात सुई असते होय?" बाई म्हणाल्या.

"काहीतरी असेलच ना. आवाज तोच आहे."

एरवी मास्तर चार दिवस थांबले असते. पण आदल्याच दिवशी कंडक्टर दारात उभा राहून गर्जून गेला होता. "मास्तर, रविवारी दादा येतोय! तलावाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याचा सत्कार आहे गुरुवारी. कोट तुम्हीच शिवायचा. त्याच्या मुलाकडे तिकडे सगळे तयार कपडे घेतात. मी सांगून ठेवलंय त्याला, म्हटलं, नऊ वर्षांनी येतोयस तरी मास्तरांना तुझं माप पाठ असेल. रविवारी गल्ली गोळा करतो बघायला!"

दादा म्हणजे कंडक्टरचा थोरला भाऊ. पोहायच्या तलावावरचे सर. अर्ध्या गल्लीला त्यांनीच पाण्यात ढकललं आणि त्यांनीच बाहेर काढलं. भली रुंद छाती आणि तिच्यावर लोंबणारी शिट्टी, असा त्यांचा थाट होता. तलावाच्या काठावरून त्यांनी शिट्टी मारली की रस्त्यावरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबायचे. नऊ वर्षांपूर्वी ते मुलाकडे गेले ते गेलेच.

"टेप लावा ना एकदा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यात काय मरण आलंय? सगळं जग लावतं."

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "टेप लावून शिवणारे या गावात शंभर आहेत. आणि न शिवता विकणारी दुकानं त्याहून जास्त. माझ्याकडे लोक कशाला येतात? कापड माझं चांगलं म्हणून? कुणीतरी आपल्याला पाठ करून ठेवलंय म्हणून येतात गं ते. ते गेलं की मी नुसता एक म्हातारा आणि एक मशीन."

बाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या याचा अर्थ पटलं असा नव्हे, याचा अर्थ आता फोन करायची वेळ झाली.

फोन गेला रेडिओताईला. रेडिओताई म्हणजे कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याची मुलगी. वडील गेल्यावर दुकान तिने चालवलं, रेडिओ गेल्यावर टीव्ही, टीव्ही गेल्यावर मोबाइल आणि लॅपटॉप. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी नाव रेडिओताईच राहिलं.

"घेऊन या दुकानात," ती म्हणाली.

"दुकानात नको," मास्तर फोनवर कुजबुजले. "तुम्हीच या. दुपारी. मागच्या… नाही, मागचं दार नाहीये आम्हाला. पुढूनच या, पण जरा बेताने."

दुपारी दुकान बंद असायच्या वेळात रेडिओताई पिशवी घेऊन आली आणि मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं. आता अर्ध्या शटरचं असं आहे की उघड्या दुकानाकडे कुणी बघत नाही, बंद दुकानाकडे कुणी बघत नाही, पण अर्ध्या शटरखालून दोन चपलांचे जोड दिसले की गल्लीला जेवण जात नाही. संध्याकाळपर्यंत तीन मतं तयार झाली होती. दुकान विकतायत, मास्तरांना आजार आहे, आणि तिसरं मत मास्तरीणबाईही आतच होत्या म्हणून मागे घेण्यात आलं.

आत रेडिओताईने लॅपटॉप कापायच्या टेबलावर पालथा घातला. आधी बॅटरी काढली. मग छोट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक स्क्रू काढून मास्तरांच्या बटणांच्या डबीत टाकायला लागली.

"त्यात नको, बटणं आहेत," मास्तर म्हणाले.

"मग कशात?"

मास्तरांनी टाचण्यांची उशी पुढे केली. रेडिओताईने ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी उशीत खोचला, लॅपटॉपचा नकाशाच केला. मास्तरांना ते काम आवडलं. उसवताना प्रत्येक तुकडा कुठला हे लक्षात ठेवणारा कारागीर त्यांना फार दिवसांनी भेटत होता.

तळाचं झाकण उघडलं. एका कोपऱ्यात पत्त्यांच्या कॅटाएवढी चांदीसारखी डबी होती. "ही तुमची हार्ड डिस्क," ताई म्हणाली. "आत तबकडी फिरते आणि तिच्यावर बारीकशी सुई तरंगते. ती आता चाचपडतेय. कुठे वाचायचं ते तिला सापडत नाहीये."

"म्हटलं नव्हतं, सुई आहे!" मास्तर बायकोकडे वळून म्हणाले. एवढ्या संकटातही त्यांना तो मान सोडवेना.

"ही बदलू. नवी आणलीय. हिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे आवाजही नाही. मग सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून चढवू. लॅपटॉप तासाभरात नवरा मुलगा होईल. पण आतलं सामान? कॉपी आहे ना कुठे?"

आता मास्तरांचा चेहरा उजळला. "आहे तर! लेक बजावून गेली होती, बाबा, दर शनिवारी फाईल पेनड्राइव्हवर टाकायची. एक शनिवार चुकवला नाही. नऊ वर्षं." त्यांनी दोऱ्यांच्या खणातून, कापडात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला. कापडाची घडी इतकी बारीक की आत हिरा असावा.

रेडिओताईने तो स्वतःच्या लॅपटॉपला लावला. बघितलं. पुन्हा बघितलं. मग चष्मा पुसला. चष्म्यात काही नव्हतं हे मास्तरीणबाईंना लगेच कळलं.

"मास्तर, तुम्ही काय करत होतात नक्की? म्हणजे, शनिवारी?"

"काय करणार? समोर फाईलचं चित्र आहे. कोपऱ्यात छोटा बाण असलेलं. ते उचलायचं आणि इकडे सोडायचं. लेकीने करून दाखवलं होतं."

"तिने आतली फाईल उचलली असेल. तुम्ही बाहेरचं चित्र उचललंत. तो बाण असतो ना, त्याचा अर्थ फाईल इथे नाही, तिकडे आहे. हे नुसतं दार दाखवणारं बोट आहे."

"मला वाटलं, बाण म्हणजे इकडून तिकडे गेली."

ताईने इकडेतिकडे बघितलं. मशीनजवळ मास्तरांच्या दुकानाच्या नावाची विणलेली लेबलं पडली होती, कॉलरमागे लावायची. तिने त्यातलं एक उचललं. "समजा, कोट जळू नये म्हणून कुणी दर आठवड्याला त्याचं हे लेबल उसवून तिजोरीत ठेवलं. तसं झालंय."

मास्तर खुर्चीत बसले. नऊ वर्षांचे शनिवार म्हणजे साडेचारशेच्या वर. तेवढी लेबलं त्यांनी कापडात गुंडाळून जपली होती.

"आणि मला म्हणायचे," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू हात लावू नकोस, तुला जमणार नाही."

"अगं, आत्ता नको."

"आत्ता नाही तर कधी? पुढच्या शनिवारी?"

रेडिओताईने भांडण वाढू दिलं नाही. डिस्क अजून पुरती मेलेली नाही, म्हणाली. तिने ती लॅपटॉपमधून अलगद सरकवून काढली, एका केबलने स्वतःच्या यंत्राला जोडली आणि असा प्रोग्रॅम लावला जो जिथे वाचता येईल तिथे वाचतो, जिथे अडेल तिथे डोकं न फोडता पुढे जातो. "माणसांनीही असंच करावं," ती मध्येच म्हणाली. डिस्क तापली की ती थांबवायची, गार होऊ द्यायची, मग पुन्हा सुरू. मास्तर टेबलाशी बसून एकेक कट् ऐकत होते. प्रत्येक कट्ला त्यांना वाटायचं की गेला, बँकेतला साहेब गेला. गेल्या, गाणं शिकवणाऱ्या बाई गेल्या.

दुसऱ्या दुपारी डिस्क एकदा लांब घरघरली आणि गप्प झाली. पुन्हा बोलली नाही.

"किती आलं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची फाईल नाही आली. अर्धवट आलीय, उघडत नाही." मास्तरांचा चेहरा बघून ताई घाईने पुढे बोलली, "पण दुसऱ्या एका फोल्डरमध्ये हे सापडलंय. 'मापं जुनी'. हे कुणी ठेवलं?"

लेकीने ठेवलं होतं. रकाने बदलण्याआधी, काही बिघडलं तर असावी म्हणून, जाताना एक प्रत बाजूला टाकली होती आणि सांगायला विसरली होती. नऊ वर्षांपूर्वीची.

ती उघडली. ओळीमागून ओळ. एक हजार सातशे बारा माणसं, नऊ वर्षांनी तरुण.

तिघंही वाकून बघत राहिली. चौकातला दाढीवाला ड्रायव्हर इथे अजून हाफपँटच्या मापात होता. तीन पोरांची आई झालेली नर्स इथे चोवीस कंबरेची होती. गेल्या वर्षी गेलेले चष्मेवाले आजोबा इथे छातीला सदतीस होते, ताठ उभे. शेवटच्या रकान्यापाशी येऊन मास्तर थबकले. तो त्यांनी कधी पाहिला नव्हता. 'शेरा.'

"हे काय आहे गं?"

मास्तरीणबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "काही नाही. मला लक्षात राहावं म्हणून. कापताना तुम्हाला सुचवते ना, ते यातलंच."

रेडिओताईने आधी स्वतःची ओळ शोधली. माणूस दुसरं काय करणार? वाचलं: "'रेडिओताई. डाव्या खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवते. खिशाला आतून दुहेरी कापड. ती स्वतः सांगणार नाही, भिडस्त आहे.'" तिने हात नकळत डाव्या खिशावर ठेवला. "म्हणून होय! वीस वर्षांत माझा एक खिसा फाटला नाही. मला वाटायचं, मी जपून वापरते."

"जपून कसली वापरतेस," बाई म्हणाल्या. "भोसकतेस."

मग ताईने नवी डिस्क बसवली. उशीतून एकेक स्क्रू काढून जागच्या जागी घट्ट केला. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, नव्या कोऱ्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम चढायला लागली. टक्के वाढत होते. यंत्र दोनदा आपोआप बंद पडून सुरू झालं तेव्हा मास्तर दोन्हीदा उभे राहिले. मग त्याने विचारलं, तुमची भाषा कोणती, तुमचं घड्याळ कुठलं, हा संगणक कोण वापरणार?

"कोणाचं नाव घालू?" ताईने विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोकडे बोट दाखवलं. मास्तरीणबाईंनी त्या बोटाकडे असं बघितलं की पस्तीस वर्षांचा सगळा हिशेब चुकता झाला. मराठी कीबोर्ड घातला, फाईल ठेवली, खरीखुरी फाईल पेनड्राइव्हवर उतरवली. लॅपटॉप आता काहीच आवाज करत नव्हता. मास्तरांनी दोनदा कान लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून.

शुक्रवार-शनिवार ठीक गेले. पाणी पाजून चार गिऱ्हाइकं केली. मापं नऊ वर्षांची जुनी, त्यामुळे मास्तरांना एक डोळा नेहमीपेक्षा जास्त वेळ बारीक करावा लागला. पण त्यांची नजर खरंच तयार होती. "वाढलात," "उतरलात" असं म्हणत त्यांनी दोन-दोन इंच हवेतून उचलले. रविवारची काळजी त्यांना राहिली नाही. दादांची ओळ फाईलमध्ये होती. छाती चव्वेचाळीस. शेरा: 'दोन्ही खांदे सारखे. असे खांदे हजारात एकाचे.'

रविवारी कंडक्टरने खरंच गल्ली गोळा केली. बाक भरलं, पायरी भरली, दोघं सायकलला टेकून उभे राहिले. "आत्ता बघा," कंडक्टर सांगत होता. "टेप नाही, वही नाही. नुसतं बघणार आणि आकडा!" आणि मागे वळून त्याने हाक मारली, "दादा, ये ना आत. लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

दादा आत आले.

मास्तरांनी सवयीने हाक दिली, "अगं, पाणी आण," आणि त्यांचा आवाज शेवटच्या शब्दाला खाली बसला. दारात उभा होता तो शर्ट दादांचा होता, पण त्यात दादा थोडेच होते. कॉलरमध्ये मान घंटेच्या लोलकासारखी दिसत होती. हसू तेवढं जुन्या मापाचं होतं.

"ऑपरेशन झालं होतं," कंडक्टर हळू म्हणाला. मग लगेच मोठ्याने, "पण आता ठणठणीत! काय दादा?"

"ठणठणीत," दादा म्हणाले.

मास्तरीणबाई ट्रे घेऊन आल्या. ग्लासामागे चिठ्ठी होती. चव्वेचाळीस. त्यांनीही बाहेर येईपर्यंत दादांना भोकातूनच पाहिलं होतं, आणि भोकातून माणूस अर्धाच दिसतो. ट्रेमधलं पाणी हिंदकळलं.

दादांनी ग्लास उचलला. मास्तर दोन पावलं मागे सरकले. एक डोळा बारीक केला.

अडतीस म्हणता आलं असतं. कुणाला काय कळणार होतं? कोट थोडा सैल झाला तर म्हणायचं, आतून स्वेटर घाला. पण मास्तरांना दिसत होतं की डावा खांदा उतरलाय, किती ते दिसत नव्हतं. पाठीत कुठेतरी पोकळी आली होती. आजार माणसाला एकसारखा बारीक करत नाही, जिथे मन मानेल तिथे कुरतडतो. आणि ढगळ शर्टाच्या आतलं नजरेला दिसत नाही. गुरुवारी हा माणूस तलावाच्या काठावर उभा राहणार, शेकडो डोळ्यांपुढे, आणि कोट त्याच्या खांद्यावरून घसरणार. मास्तरांच्या अंदाजापायी.

मास्तरांनी बारीक केलेला डोळा उघडला.

"अगं," ते म्हणाले, "टेप आण."

बाकावर एक जण खोकला. कंडक्टर अर्धवट हसला, त्याला वाटलं, थट्टा चाललीय. "अहो मास्तर, टेप कशाला? सांगा ना, सांगा."

"मला येत नाही सांगता."

"असं काय करता? मी सगळ्यांना…"

"सगळ्यांना बोलावलंस ते तू," मास्तर म्हणाले. "माप मला घ्यायचंय. दादा, या इकडे उजेडात."

मास्तरीणबाईंनी टेप आणून दिली आणि त्या पुन्हा पडद्यामागे गेल्या. टेपची घडी मोडताना चिरचिर आवाज आला. मास्तरांनी ती दादांच्या पाठीवरून अलगद फिरवली, इतक्या हलक्या हाताने की ती घसरून पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"मास्तर," दादा खाली बघून म्हणाले, "मी मोडत नाही. घट्ट धरा."

मास्तरांनी घट्ट धरली. "छाती अडतीस," ते बोलले. मग पडद्याकडे बघून, "लिहितेस ना?"

मग पडदा बाजूला झाला, आणि मास्तरीणबाई लॅपटॉप कडेवर आणि स्टूल हातात घेऊन बाहेर आल्या आणि अख्ख्या गल्लीसमोर बसल्या. गल्लीने आधी लॅपटॉप बघितला, मग ट्रे बघितला, मग ट्रेमधली चिठ्ठी बघितली. कंडक्टरला सगळ्यात उशिरा समजलं. ज्याचा आवाज मोठा असतो त्याला ऐकायला उशीरच लागतो.

"म्हणजे… पाठ काहीच नव्हतं?"

"अर्धा इंच होतं," मास्तर म्हणाले. "वर-खाली अर्धा इंच माझं. बाकी सगळं हिचं." आणि ते दादांचा खांदा मापायला लागले. कान लाल झाले होते, पण हात थांबले नाहीत. "डावा खांदा पाऊण इंच खाली. लिही."

"तरी म्हटलं," दादा म्हणाले, "मी पाण्यातला माणूस, मला कशाला इतकं पाणी पाजतात?"

पहिल्यांदा सायकलवाल्यांमागे उभी असलेली रेडिओताई हसली. मग पायरीवरचे. मग सगळेच. कंडक्टर तेवढा तोंड पाडून बसला. "मास्तर, तुम्ही माझी अब्रू घालवलीत. आता मी चौकात काय सांगू?"

"माझं आधीचं किती होतं, वहिनी?" दादांनी विचारलं.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. "चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या.

"सहा इंच कुठे विसरून आलो बुवा?" दादा म्हणाले, आणि थोडं थांबून, "अजून कोण कोण आहे त्यात? त्या वेळचे?"

"सगळेच आहेत."

"मग वाचा ना. चहा सांगतो मी."

मग दुकानात जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. मास्तरीणबाई एकेक ओळ वाचत गेल्या. चष्मेवाले आजोबा, सदतीस. शेरा: 'खिसा आतून हवा, नातवाला गोळ्या लपवून आणतात.' पायरीवर बसलेला एक उंच माणूस एकदम रस्त्याकडे बघायला लागला, तो नातू. गाणं शिकवणाऱ्या बाई: 'बाही सैल. गाताना हात फार वर जातो.' बेकरीवाला: 'उंची वाढतेय, पायाला कापड दुमडून ठेवणे,' आणि पन्नाशीचा, टक्कल पडलेला बेकरीवाला म्हणाला, "अहो, ते माझ्या पोराचं असेल!" "नाही, तुझंच," बाई म्हणाल्या. "वहीतून जसंच्या तसं उतरवलंय, तू नववीत होतास. नंतर तू माप द्यायला आलास कुठे? तयार घ्यायला लागलास."

"माझं वाचा, माझं," कंडक्टर म्हणाला. रुसवा फार टिकणारा नव्हता.

"राहू दे भावोजी."

"वाचा हो!"

"'कंडक्टर. कंबर अडतीस सांगतो. श्वास ओढून उभा राहतो. बोलायला लावणे, मग खरी मोजणे. चाळीस.'"

पायरीवरून एक जण खाली घसरला. कंडक्टर उठून उभा राहिला, आणि उभं राहताना त्याने पोट आत घेतलं, आणि मग सगळे पुन्हा हसले.

मास्तर या सगळ्यात नव्हते. त्यांनी कोटाचं कापड टेबलावर पसरलं होतं, खडूने रेघा मारत होते. चार दिवसांत कोट म्हणजे आत्ताच कापायला हवा. डाव्या खांद्याला आत पाऊण इंचाचा थर घालायचा होता, म्हणजे आरशात दोन्ही सारखे दिसतील. शिवणीच्या आत कापड राखायचं होतं. "अंग भरलं की या," ते दादांना म्हणाले, "उसवून देईन. इथे चांगलं अडीच इंच आहे."

"आणि नाही भरलं तर?"

"तर कापड आतच राहील. खात नाही ते काही."

बाईंनी पुढची ओळ वाचली, "शाळेतल्या शिपाईमामांची छाती…"

"एकोणचाळीस," मास्तर खडू न थांबवता म्हणाले.

बाई थांबल्या. वाचलं. एकोणचाळीस. "तलावावरच्या तिकीटवाल्या बाई?"

"चौतीस. बाही एकवीस."

"बाही साडेएकवीस."

"एकवीस. तू चुकीचं टाइप केलंस."

"बघा बघा!" कंडक्टरचा आवाज परत आला. "पाठ आहे! दादा, बघ, पाठ आहे! अजून विचारा, वहिनी!"

वहिनींनी सात जण विचारले. मास्तरांना तीन आले. उरलेल्या चारांत त्यांनी एकाला चक्क दुसऱ्याची छाती दिली.

"सातातले तीन!" कंडक्टर बाहेरच्या सायकलवाल्याला ओरडून सांगत होता. "या वयात! पुस्तक न बघता!"

दादा खुर्चीत मागे टेकून चहा पीत होते. पेल्याची कड ओठाशी धरून म्हणाले, "माझं?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. चव्वेचाळीस तर आता दुकानातल्या प्रत्येकाला पाठ झालं होतं. मास्तरांनी कात्री उचलली. तिच्या कड्यांत बोटं घालून, खडूच्या रेघेवर तिचं टोक ठेवून ते क्षणभर तसेच वाकून राहिले.

"अडतीस," ते म्हणाले, आणि कापड कापलं.

"बरोबर," दादा म्हणाले.